जिरायत गव्हाचा तांबेरा-प्रतिकारक वाण कसा तयार करावा

जिरायत गव्हाच्या पैदाशीत सर्वांत मोठी अडचण अशी की ज्या रानात दुष्काळाची परीक्षा होते तिथे तांबेरा (गव्हाच्या पाना-खोडावरचा बुरशीचा रोग) येत नाही, आणि जिथे तांबेरा येतो तिथे दुष्काळ नसतो. तांबेऱ्याच्या बीजाणूला रुजायला पानावर काही तास सलग ओलावा लागतो. ओलीवर वाढलेल्या विरळ पिकात दव लवकर उडून जाते, त्यामुळे रोगाला बळी पडणारी ओळसुद्धा (ओळ म्हणजे एका झाडाची किंवा ओंबीची वाढवलेली संतती) फेब्रुवारीपर्यंत स्वच्छ दिसते. तीच ओळ निवडली जाते, वाण म्हणून शेतकऱ्याकडे जाते, आणि ढगाळ हवा व अवकाळी पाऊस लाभलेल्या वर्षी खोडासकट काळी पडते. म्हणून या कामाचा पाया एकच: निवडीच्या प्रत्येक टप्प्यावर बियाणे वाटून घ्यायचे. एक हिस्सा मुद्दाम रोग लावलेल्या ओलिताच्या वाफ्यात पेरायचा, दुसरा कोरड्या रानात. नोंदी मात्र एकाच वहीत, शेजारी-शेजारी ठेवायच्या.

खालची पद्धत दख्खनच्या पठारावरील, म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटकातील जिरायत रब्बी गव्हासाठी आहे. कृषी महाविद्यालयांतले विद्यार्थी, बीजोत्पादक गट आणि लहान बियाणे कंपन्या यांना ती जमण्यासारखी आहे. रोगाच्या चाचण्यांसाठी मात्र संशोधन केंद्राचा हात धरावाच लागतो.

कोणत्या तांबेऱ्यासाठी निवड करायची

आपल्याकडे दोन तांबेरे महत्त्वाचे आहेत: खोडावरचा काळा आणि पानावरचा तपकिरी. पिवळ्या तांबेऱ्याला १० ते १५ अंश सेल्सिअसचा गारवा लागतो. तो उत्तरेत हिमालयाच्या पायथ्याशी मिळतो, म्हणून पठारावरच्या वाणासाठी त्याच्यामागे जागा घालवू नये. तपकिरी तांबेरा साधारण १५ ते २२ अंशांत झपाट्याने वाढतो. काळ्याला त्याहून ऊब लागते, २० ते ३० अंश. त्यामुळे काळा तांबेरा उशिरा येतो, पण दाणे भरण्याच्या ऐन वेळी येतो. खोडाची साल फाटली की पाणी आणि साखर वर चढत नाही, दाणा सुरकुततो. १९४६-४७ सालच्या मध्य भारतातल्या साथीचे कारण हाच काळा तांबेरा होता.

हा रोग येतो कुठून, हेही लक्षात घ्या. उन्हाळ्यात मैदानात गहू नसतो आणि बीजाणू कडक उन्हात टिकत नाहीत. ते निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत गव्हावर तग धरतात आणि नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांबरोबर वारा-पावसातून उत्तरेकडे सरकतात. वनस्पतिरोगशास्त्रज्ञ के. सी. मेहता यांनी हा प्रवास उलगडला, पुढच्या शास्त्रज्ञांनी तो हवामानाशी जोडला. या वाटेवर आधी पठार लागते. इथला वाण ढासळला की त्याच्यावर वाढलेले बीजाणू पुढच्या राज्यांत जातात. पठारावरचा वाण एकाच जनुकावर उभा करणे म्हणूनच आम्हाला बेजबाबदारपणाचे वाटते.

आईबाप निवडताना

पहिला निर्णय बन्सी (रवा-शेवयांचा कठीण गहू) की सरबती (चपातीचा गहू). बन्सीत २८ गुणसूत्रे, सरबतीत ४२. दोघांचा संकर होतो, पण पहिल्या पिढीत ३५ गुणसूत्रे येतात, निम्म्याहून अधिक फुले वांझ राहतात आणि पुढच्या दोन-तीन पिढ्या ओळी स्थिर करण्यातच जातात. नव्याने काम सुरू करणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. बन्सीत खपली आणावी, चालते. दोघांतही २८ गुणसूत्रे आहेत आणि खपलीत काळ्या तांबेऱ्याविरुद्धची चांगली जनुके आहेत. मात्र खपलीचे टरफल दाण्याला चिकटून राहते. दुसऱ्या पिढीपासून प्रत्येक निवडलेली ओंबी तळहातावर चोळून पाहायची. दाणा सहज सुटला नाही तर बाकी कितीही देखणे असले तरी ते झाड टाकायचे.

मुख्य आई इथल्या जिरायतीत रुळलेली असावी. बन्सीत पंचवटी (एनआयडीडब्ल्यू १५) आणि एमएसीएस ४०२८, सरबतीत नेत्रावती (एनआयएडब्ल्यू १४१५) हे चांगले आधार आहेत. एमएसीएस ४०२८ पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा वाण. साधारण १०२ दिवसांत येतो आणि दाण्यात प्रथिने १४.७ टक्के आहेत. जिरायत वाण १०५-११० दिवसांपलीकडे गेला की वाढत्या उन्हात सापडतो, म्हणून कालावधी ही अट आईकडूनच पक्की करून घ्यावी.

रोगप्रतिकाराची जनुके दोन जातींची असतात. एक रोपावस्थेपासून रोग पूर्ण थोपवणारी. ती दिसायला उत्तम, पण बुरशीत एक बदल झाला की कोसळणारी. एसआर-३१ याचे उदाहरण ('एसआर' म्हणजे काळ्या, 'एलआर' म्हणजे तपकिरी तांबेऱ्याविरुद्धचे जनुक). राय या धान्यातून आलेले हे जनुक जगभर लाखो हेक्टरांवर होते. युगांडात सापडलेल्या, यूजी-९९ नाव मिळालेल्या बुरशीच्या वंशाने ते निकामी केले. दुसरी जात मोठ्या झाडात काम करणारी: रोग येऊ देते, पण हळू वाढवते. एसआर-२, एलआर-३४, एलआर-४६ आणि एलआर-६७ ही त्यातली भरवशाची नावे. एकटे जनुक पुरेसे नसते, पण तीन-चार एकत्र आली की पीक जवळजवळ स्वच्छ राहते. आमचा सल्ला असा की पाया दुसऱ्या जातीच्या दोन-तीन जनुकांचा ठेवावा आणि त्यावर पहिल्या जातीचे एखादे चालू जनुक चढवावे.

इथे एक बारकावा आहे. एलआर-३४ आणि एलआर-६७ ही 'डी' नावाच्या गुणसूत्र-संचावर आहेत. सरबतीत ए, बी, डी असे तीन संच असतात, बन्सीत 'डी' संच नसतोच. बन्सीसाठी एसआर-२ आणि एलआर-४६ वर भर द्या, बाकीची कसर खपली आणि प्रतिकारक बन्सी वाणांतून भरून काढा. सरबतीत चारही चालतात. एसआर-२४ आणि एलआर-२४ ही जोडी एकत्रच येते, एका फटक्यात दोन्ही तांबेऱ्यांवर काम होते. पण तिच्या काही स्रोतांबरोबर दाण्याचा लाल रंगही येतो. आपल्या बाजारात लाल दाणा खपत नाही, म्हणून पांढऱ्या दाण्याचाच स्रोत मागून घ्यावा.

परदेशी खऱ्या हिवाळी गव्हात चांगली प्रतिकारशक्ती असते आणि ती वापरण्याचा मोह होतो. आपला रब्बी गहू हिवाळ्यात पेरला जात असला तरी जातीने तो वसंत गहू आहे, त्याला फुलायला दीर्घ थंडी लागत नाही. हिवाळी गव्हाला लागते. त्याचे बी ओल्या कागदात मोड आणून ४ अंशांवर सहा ते आठ आठवडे ठेवा आणि मग कुंडीत लावा. नाहीतर ते फक्त गवतासारखे पसरते. संकराच्या दुसऱ्या पिढीत साधारण चौथा हिस्सा झाडे फुलतच नाहीत, तेवढी जास्त पेरावीत.

दाते (प्रतिकाराची जनुके देणारे वाण) मिळवण्यासाठी नवी दिल्लीचा राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो, कर्नालची भारतीय गहू व सातू संशोधन संस्था आणि निफाडचे कृषी संशोधन केंद्र ही ठिकाणे आहेत. बियाण्याबरोबर हस्तांतरण करार येतो. तो वाचूनच सही करावी, कारण पुढे वाणाच्या हक्काचा प्रश्न त्यावर ठरतो.

संकर करताना

लागणारे सामान थोडे आहे: बारीक टोकाचा चिमटा, लहान कात्री, बटर पेपरच्या अरुंद पिशव्या, यू-पिना, दोऱ्याचे टॅग, पेन्सिल आणि चिमटा पुसायला स्पिरिट. टॅगवर पेनाने लिहू नका, दवाने शाई पसरते आणि ओंबीची ओळखच जाते.

आई आणि बाप एकाच वेळी फुलत नाहीत, म्हणून दोघांची पेरणी आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीन वेळा करा.

आईची ओंबी पोटरीतून अर्धी-पाऊण बाहेर आली की तिच्यावर काम करायचे. मधल्या भागातले एक फूल उघडून पाहा. परागकोश हिरवे हवेत. फिकट पिवळे दिसले तर उशीर झाला, ती ओंबी सोडा. वरची आणि खालची दोन-चार अपुरी कणिशके काढून टाका. उरलेल्या प्रत्येक कणिशकातली मधली फुले चिमट्याने वर ओढून काढा आणि बाजूची दोनच ठेवा, त्यांचाच दाणा भरतो. आता तुसांचा वरचा तिसरा हिस्सा कात्रीने छाटा म्हणजे फूल वरून उघडे दिसते. प्रत्येक फुलात तीन परागकोश असतात. तिन्ही काढा, मोजून काढा. एक राहिला की त्या फुलात स्वतःचाच दाणा धरतो आणि तो संकर समजून पुढे जातो. कुक्षीला चिमट्याचा धक्का लागला तर ते फूल वाया जाते. ओंबीच्या एका बाजूने वर जाऊन दुसऱ्या बाजूने खाली यावे, म्हणजे फूल सुटत नाही. एका ओंबीवर साधारण तीस-चाळीस फुले उरतात. लगेच पिशवी चढवा, ध्वजपर्णासकट (ओंबीखालच्या शेवटच्या पानासकट) खाली पिन लावा आणि टॅगवर आईचे नाव व तारीख लिहा.

दोन-तीन दिवसांनी पिशवीतून डोकावून पाहा. कुक्षी पिसासारखी फुलून दोन्ही बाजूंना वळलेली असेल तर ती तयार आहे. बापाची ओंबी अशी निवडा की मधली एक-दोन फुले नुकतीच उघडलेली आहेत. तिची तुसे छाटून दोन-तीन मिनिटे उन्हात धरा, पिवळे परागकोश वर येऊ लागतात. आईच्या पिशवीचे वरचे टोक कापा, बापाची ओंबी उलटी आत घाला आणि देठ बोटांत धरून फिरवा. पिशवी परत मुडपून पिन लावा. सकाळी नऊ ते साडेअकरा ही वेळ उत्तम. गव्हाचा पराग अल्पायुषी असतो, पठारावरच्या कोरड्या उन्हात काही मिनिटांतच निर्जीव होतो, म्हणून दुपारनंतरचा संकर सहसा फसतो.

तुसे छाटलेली असल्याने संकराचा दाणा बारीक आणि सुरकुतलेला येतो. तो फेकू नका, उगवतो. एखादी ओंबी टपोऱ्या दाण्यांनी भरली तर मात्र शंका घ्या: तिथे परागकोश राहिले असण्याची शक्यता जास्त. संकर खरा आहे का हे पहिल्या पिढीत कळावे म्हणून बापात एखादी प्रभावी खूण असावी, उदाहरणार्थ लवयुक्त किंवा तांबूस तुसे. ती न दिसणारी झाडे उपटून टाका.

कधी पहिल्या पिढीची रोपे फुटव्यांपर्यंत येऊन पानांवर ठिपके पडून वाळू लागतात. हा रोग नव्हे, दोन जनुकांचा न जुळणारा संयोग आहे. सी-३०६ सारख्या जुन्या कोरडवाहू वाणात त्यातले एक जनुक असते, आणि एलआर-१३ असलेल्या अनेक वाणांत दुसरे. अशा वेळी फवारणीने काही होत नाही, जोडीदार बदलावा लागतो.

किती झाडे लागतात, याचा हिशेब

चार जनुके हवी असतील तर साध्या दुहेरी संकराच्या दुसऱ्या पिढीत ती चारही शुद्ध रूपात (दोन्ही प्रती त्याच जनुकाच्या) असलेले झाड २५६ मध्ये एक. हजार झाडांत जेमतेम चार. त्यातून दुष्काळ, उंची, कालावधी, दाणा पाहायचा तर हातात काही उरत नाही. त्यापेक्षा असे करा: आई × दाता 'अ' आणि आई × दाता 'ब' असे दोन संकर, आणि पुढच्या हंगामात त्या दोन्ही पहिल्या पिढ्यांचा आपसात संकर. 'अ' मध्ये दोन व 'ब' मध्ये दोन वेगळी जनुके असली तर या चौपदरी संकराच्या १६ झाडांत एकात चारही जनुके एकेरी (प्रत्येकाची एकच प्रत) असतात. २०० दाणे पेरले तर बारा-तेरा झाडे मिळतात, आणि आईचा निम्मा वारसाही टिकतो. एवढे दाणे दहाएक ओंब्यांत निघतात. ही बारा झाडे डीएनए खुणांनी शोधा, रोप दोन-तीन पानांचे असताना पानाचा दोन सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. एलआर-३४ साठी सीएसएलव्ही-३४ ही खूण सोपी आहे: जनुक असेल तर १५० बेसजोड्यांची पट्टी, नसेल तर २२९ ची, आणि एकेरी असेल तर दोन्ही. नंतर फक्त त्या बारा झाडांचेच बी दुसऱ्या पिढीसाठी पेरा, प्रत्येकी दोनशे ते तीनशे.

प्रयोगशाळा हाताशी नसली तरी डोळ्याला दिसणाऱ्या दोन खुणा आहेत. एसआर-२ असलेल्या झाडाच्या तुसांवर आणि कांड्यांखाली काळसर छटा येते. एलआर-३४ किंवा एलआर-४६ असलेल्या झाडाच्या ध्वजपर्णाचा शेंडा फुलोऱ्यानंतर दोन-तीन सेंटिमीटर वाळतो. दोन्ही खुणा हवामानाप्रमाणे कमी-जास्त होतात. पाण्याचा ताण पडलेल्या झाडाचा शेंडाही वाळतो, म्हणून ही खूण ओलिताच्या वाफ्यातच पाहावी. आणि काळी तुसे रोगट समजून उपटू नयेत, ही चूक मजुरांकडून हमखास होते.

रोगाचा वाफा

हा वाफा मुख्य पेरणीपेक्षा उशिरा, नोव्हेंबरच्या शेवटी पेरा, म्हणजे फेब्रुवारीतली ऊब काळ्या तांबेऱ्याला मिळते. प्रत्येक ओळ एक मीटर, दोन ओळींत २० ते २५ सेंटिमीटर. दर वीस ओळींनंतर एक आणि सभोवती दोन ओळी रोगाला सहज बळी पडणाऱ्या वाणाच्या, आणि त्या आठवडाभर आधी पेरलेल्या. आग्रा लोकल हे यासाठी जुने, खात्रीचे नाव. बन्सीच्या वाफ्यात त्याच्या जोडीला रोगाला बळी पडणारा एखादा बन्सी वाणही ठेवा.

बीजाणू महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रातून मागवावेत. पठारावर प्रत्यक्ष असलेल्या वंशांचेच मिश्रण मागा, उदाहरणार्थ तपकिरीसाठी ७७ गटातले आणि काळ्यासाठी ४०-ए. इतर भागातला वंश आपल्या शेतात आणणे हा गुन्हा समजावा. शेजाऱ्याच्या गव्हापासून वाफा दूर ठेवा आणि त्याला कल्पना द्या.

एक लिटर पाण्यात ट्वीन-२० चे एक-दोन थेंब टाकून पाण्याला फिकट विटकरी रंग येईल इतके बीजाणू मिसळा. ट्वीन नसेल तर बीजाणू पाण्यावर तरंगतात आणि पंपाच्या कडेला चिकटून राहतात. पीक कांडी धरू लागले की त्या दिवशी पाणी द्या आणि संध्याकाळी बळी पडणाऱ्या ओळींवर बारीक फवारा मारा. काही झाडांच्या पोटरीत सिरिंजने हेच पाणी भरा. रात्रभर प्लास्टिकने झाका. तपकिरीसाठी सकाळी लवकर काढले तरी चालते. काळ्या तांबेऱ्याच्या बीजाणूला मात्र पानात शिरताना ओलावा आणि उजेड दोन्ही लागतात, म्हणून ऊन वर येईपर्यंत पारदर्शक प्लास्टिक तसेच राहू द्या. अंधारातच पान सुकले तर लागण फसते. बरेच वाफे याच एका कारणाने फुकट जातात. आठ दिवसांच्या अंतराने तीन वेळा हे करा आणि रोग पसरेपर्यंत हलके पाणी देत राहा.

नोंद दोन भागांत घेतात: पान-खोडाचा किती टक्के भाग व्यापला आणि पुळीचा (बीजाणूंनी भरलेल्या फोडाचा) प्रकार कोणता. पुळी मोठी, भोवताली पिवळेपणा नसलेली असेल तर 'एस'. लहान आणि पिवळ्या-करड्या कड्याची असेल तर 'एमआर'. मधली 'एमएस'. टक्केवारीला 'आर' (प्रतिकारक) साठी ०.२, 'एमआर' साठी ०.४, 'एमएस' साठी ०.८, 'एस' साठी १ ने गुणायचे. ४० एमएस म्हणजे ३२, २० एमआर म्हणजे ८. आग्रा लोकलवर २० ते ३० टक्के रोग दिसला की सुरुवात करून आठ-आठ दिवसांनी किमान तीनदा नोंद घ्या. आग्रा लोकल ६० एसच्या पुढे गेलाच नाही तर त्या वर्षी रोगाच्या नावाने कुठलीही ओळ पुढे नेऊ नका. रोग पुरेसा आलाच नाही, मग प्रतिकार कशावरून म्हणायचा?

आता खरी निवड. नवख्याची नजर शून्य रोगाच्या ओळीवर जाते. ती बहुधा एका मोठ्या जनुकावर उभी असते. आमच्या मते अधिक मोलाची ओळ ती, जिच्यावर शेवटी १० ते ३० टक्के, लहान, विखुरलेल्या पुळ्या आहेत आणि शेजारी आग्रा लोकल १०० एस आहे. तिचेच बी रोपांच्या चाचणीला द्या: सात-आठ दिवसांच्या रोपांवर लागण करून बारा-चौदा दिवसांनी ० (स्वच्छ) ते ४ (पूर्ण बळी) या मापात पाहणी. रोपावर ३ किंवा ४ आणि मोठ्या झाडावर कमी रोग, तर तिच्यात हळू तांबेऱ्याची जनुके आहेत. झाडाची अवस्थाही लिहा. उशिरा येणारी ओळ नोंदीच्या दिवशी कोवळी असते, म्हणून स्वच्छ दिसते. ती रोगप्रतिकारक नसून नुसती उशिराची असते.

कोरडे रान

एका झाडाच्या दुष्काळातल्या उत्पादनावरून दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत निवड करणे व्यर्थ आहे. खालची माती, शेजारचे झाड, बियाण्याचा आकार यांतच तो फरक बुडून जातो. दुसऱ्या पिढीत रोगाच्या वाफ्यात उंची, कालावधी, ओंबी, टपोरा दाणा एवढेच पाहा. निवडलेल्या झाडांची एकेक ओंबी एकत्र मळून तिसरी पिढी कोरड्या रानात दाट पेरा. तिथे उशिरा येणारी आणि दाणा न भरणारी झाडे आपोआप मागे पडतात. चौथी पुन्हा रोगाखाली. पाचव्या पिढीत एकेका ओंबीची स्वतंत्र ओळ करा, आणि तिथून पुढे प्रत्येक ओळ दोन्हीकडे.

कोरड्या रानाची पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, वापसा पाहून. ओळीत २२.५ सेंटिमीटर, हेक्टरी ७५ ते १०० किलो बियाणे, ४० किलो नत्र व २० किलो स्फुरद पेरतानाच. सहा ओळींच्या पाच मीटर वाफ्याला ७५ किलोच्या हिशेबाने साधारण ५० ग्रॅम बी लागते. हजार दाण्यांचे वजन ओळीगणिक वेगळे असते, म्हणून वजनाऐवजी दाण्यांची संख्या सारखी ठेवा, नाहीतर टपोऱ्या दाण्याच्या ओळी विरळ उगवतात आणि उगाच मागे पडतात.

ऑक्टोबरात वरची माती लवकर सुकते, बी सात-आठ सेंटिमीटर खोल टाकावे लागते. बुटक्या वाणांतली नेहमीची दोन जनुके कोंबाचे आवरण आखूड करतात, आणि अशा ओळी खोलातून वरच येत नाहीत. चाचणी सोपी आहे: ओल्या कागदाच्या गुंडाळीत वीस दाणे, २० अंश, अंधार, दहा दिवस, मग आवरण पट्टीने मोजा. ओळी एकमेकींशी ताडून पाहा आणि सर्वांत आखूड आवरणाच्या काढून टाका.

पेरणीच्या दिवशी मातीची ओल मोजणे कंटाळवाणे काम आहे, पण त्यावाचून पुढचे आकडे बोलत नाहीत. ऑगरने ९० सेंटिमीटरपर्यंत दर १५ सेंटिमीटरचा नमुना घ्या, ओला तोला, १०५ अंशांवर २४ तास सुकवून पुन्हा तोला. काळ्या रानात मुरूम कुठे वर, कुठे खोल असतो. एकाच शेतात हात-दीड हाताच्या फरकाने ओलीत मोठा फरक पडतो. आधीच्या ज्वारीचे पीक जिथे सारखे उभे होते तोच तुकडा निवडा, आणि दर दहा वाफ्यांनंतर पंचवटी किंवा नेत्रावतीचा तुलनेचा वाफा टाका.

फुलोऱ्यानंतर दुपारी एक ते तीन, आभाळ स्वच्छ आणि वारा मंद असताना, इन्फ्रारेड तापमापकाने पिकाचे तापमान घ्या. शेजारच्यांपेक्षा अंशभर थंड राहणाऱ्या ओळीची मुळे खोल ओल गाठतात. खोडातल्या साठ्यावर दाणा किती भरतो हे पाहायचे असेल तर फुलोऱ्यानंतर चौदा दिवसांनी निम्म्या ओळीवर ०.५ टक्का पोटॅशियम आयोडाइड फवारून पाने जाळा आणि दोन्ही निम्म्यांच्या दाण्यांचे वजन ताडून पाहा.

दुष्काळ संवेदनशीलता निर्देशांक (ओलिताच्या मानाने कोरड्यात उत्पादन किती घटते याचे माप; कमी तितका चांगला) काढताना एक धोका ओळखून असा. कोरड्यात आणि ओलितात सारखेच कमी पिकणारी ओळ या निर्देशांकात पहिली येते. म्हणून आधी कोरड्यातले प्रत्यक्ष उत्पादन, मग निर्देशांक. आणि जानेवारीत अवकाळी पाऊस पडला तर ती तारीख व मिलिमीटर लिहून त्या वर्षीचे आकडे दुष्काळाचे म्हणून वापरू नका.

वर्षे वाचवण्यासाठी

वर्षाला एक पिढी धरली तर संकरापासून स्थिर ओळीपर्यंत सात वर्षे जातात. पावसाळ्यात निलगिरीतल्या वेलिंग्टनला किंवा उन्हाळ्यात लाहौलच्या दालंग मैदानात मधली पिढी घेतली तर जवळजवळ निम्मी वाचतात, त्यासाठी तिथल्या केंद्रांशी करार लागतो. वेलिंग्टनला तांबेरा नैसर्गिक येतो, हा वेगळा फायदा. तिथून ऑक्टोबरात आलेले ताजे बी सुप्तावस्थेत असते. ओल्या कागदावर ४ अंशांत चार-पाच दिवस ठेवूनच पेरा, नाहीतर निम्मे उगवत नाही आणि दोष बियाण्याला लागतो.

चाचण्या आणि बियाणे

सहाव्या-सातव्या पिढीत उरलेल्या पंधरा-वीस ओळी किमान तीन ठिकाणी, तीन पुनरावृत्तींत, दोन वर्षे पेरा. मळताना एका ओळीचा दाणा दुसरीत मिसळू नये म्हणून यंत्र प्रत्येक वाफ्यानंतर झाडून घ्या. चपाती किंवा शेवयांसाठी दाणा कसा आहे हे इथेच तपासा. एसआर-३१ बरोबर आलेला राय धान्याच्या गुणसूत्राचा तुकडा असलेल्या ओळींची कणीक चिकट होते, घरातल्या बाईच्या हाताला ते पिठात पाणी घालताच कळते.

त्यानंतरची वाट अखिल भारतीय समन्वित गहू व सातू प्रकल्पाची: द्वीपकल्पीय विभागात एक वर्ष प्राथमिक आणि दोन वर्षे प्रगत चाचणी, सोबत रोगांच्या स्वतंत्र वाफ्यात तपासणी. वाण मान्य झाला की १९६६ च्या बियाणे कायद्याखाली अधिसूचना निघते. २००१ च्या वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्याखाली नोंदणी वेगळी करावी लागते. तिथे वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असल्याचे दाखवावे लागते, म्हणून ओंबीचा रंग, कुसळांची लांबी, पानावरचा मेणचट थर यांच्या नोंदी पाचव्या पिढीपासूनच ठेवा.

मूळ बियाण्यासाठी दर वर्षी शे-दोनशे नमुनेदार ओंब्या निवडून प्रत्येकीची वेगळी ओळ पेरा आणि वेगळी दिसणारी पूर्ण ओळ काढून टाका, नुसते झाड नव्हे. भोवतालच्या गव्हापासून तीन मीटर अंतर पुरते, काणी (ओंबीत दाण्याऐवजी काळी भुकटी करणारा रोग) आलेले शेत जवळ असेल तर ते वाढवावे लागते. वाण शेतात गेल्यावरही त्याच्या दहा-वीस ओळी दर वर्षी रोगाच्या वाफ्यात पेरत राहा. आजवर २० एमआर असलेली ओळ एखाद्या वर्षी ६० एस दाखवू लागली तर त्या पानांचे तुकडे कागदी पाकिटात, सावलीत सुकवून, गाव, तारीख व वाण लिहून महाबळेश्वरला किंवा सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्राला पाठवा. प्लास्टिकच्या पिशवीत पाठवलेले पान वाटेत सडते, आणि नवा वंश ओळखण्याचा तो हंगाम हातचा जातो.